पाप की मर्यादाभंग? कर्करोगाच्या प्रसाराचा एक धर्मविचार

माणसाला रोग का होतो, या प्रश्नाची उकल भारतीय परंपरेत दोन अंगांनी करण्यात आली आहे. रोग कसा जडतो, कोठे वाढतो आणि कशाने शमतो, हे वैद्यक विचारते. तो याच माणसाला का जडला, हे धर्मचिंतन विचारते. येऊन जाणाऱ्या आजारांत पहिला प्रश्न पुरेसा ठरतो, परंतु कर्करोगाचे नाव उच्चारले गेले की दुसरा प्रश्न उसळून वर येतो आणि पाहता पाहता पहिल्याला झाकून टाकतो. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात काय किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही गावात काय, अशा वेळी रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांच्या तोंडून ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे’, ‘प्रारब्ध कोणाला चुकले आहे?’ अशी वाक्ये सहज निघतात. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, पण त्या शब्दांत एक निवाडा दडलेला असतो, तो असा की रुग्णाच्या हातून या किंवा मागच्या जन्मी काहीतरी घडले आणि त्याचे फळ म्हणून हा रोग त्याच्या देहात उगवला. हा निवाडा खरा मानण्यास आधार आहे काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर केवळ ग्रंथांत न शोधता, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरभर पसरतो तेव्हा ऊती विरघळवणारी विकरे प्रत्यक्षात काय करतात, याच्या ज्ञानातही शोधले पाहिजे, असे येथे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न पाटोद्याच्या संदर्भात विचारण्यास एक सबळ कारण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवरील या तालुक्यात मांजरा नदी उगम पावते आणि याच तालुक्यात चिंचोलीजवळ गहिनीनाथगड आहे, जो नाथ संप्रदायातील गहिनीनाथांचे स्थान म्हणून पूजला जातो आणि संत वामनभाऊंच्या नावाने वारकऱ्यांना परिचित आहे. गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू आणि म्हणून ज्ञानदेवांचे परमगुरू होत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात तेव्हा, कलीने ग्रासलेल्या जीवांची पीडा पाहून गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना, आपल्याकडे चालत आलेले ज्ञानधन घेऊन त्या जीवांची सुटका करण्याची आज्ञा दिली, असे नमूद करतात. म्हणजे या परंपरेचा आरंभ पीडिताची चौकशी करण्यातून झालेला नाही, तर पीडा दूर करण्याच्या आज्ञेतून झालेला आहे. ज्या भूमीत ही आज्ञा पूज्य मानली जाते, त्या भूमीत रुग्णाच्या माथी पापाचा शिक्का मारला जात असेल, तर त्या शिक्क्याची कसून तपासणी करणे हे धर्माचेच काम ठरते.

प्रोस्टेट ग्रंथी, जिला मराठीत पौरुषग्रंथी किंवा पुरःस्थ ग्रंथी असेही म्हणतात, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाभोवती असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते. या द्रवातच प्रस्तुत विषयाचे पहिले पात्र भेटते. विकर, ज्याला रोजच्या बोलण्यात एन्झाइम म्हणतात, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. आणि जी विकरे इतर प्रथिनांना कापतात त्यांना प्रथिनभेदी विकरे म्हणता येईल. प्रोस्टेट ग्रंथी असेच एक प्रथिनभेदी विकर मुबलक प्रमाणात तयार करते. त्याचे नाव प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, म्हणजे ज्याची रक्ततपासणी आता तालुक्याच्या गावीही ‘पीएसए’ या नावाने ओळखली जाते ते. स्खलनानंतर वीर्य प्रथम घट्ट होते. पीएसए त्यातील सेमिनोजेलिन नावाची प्रथिने कापते, त्यामुळे साधारण अर्ध्या तासाच्या आत वीर्य पातळ होते आणि शुक्रजंतूंना पुढे सरकण्यास वाट मिळते. सृष्टिक्रम चालू राहावा यासाठी असलेले हे विकर निरोगी अवस्थेत ग्रंथीच्या नलिकांतच राहते आणि त्याचा अगदी अल्प अंश रक्तात जातो. ग्रंथीची आतील रचना विस्कटली की तेच विकर अधिक प्रमाणात रक्तात झिरपू लागते. वयपरत्वे होणारी साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांतही ते वाढू शकते, म्हणून वाढलेले पीएसए म्हणजे कर्करोगच असे नव्हे. परंतु ही तपासणी मुळात एखाद्या परक्या विषाचा शोध घेत नसून, आपलीच एक वस्तू आपल्या हद्दीबाहेर गेली आहे काय हे पाहत असते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

ही हद्द नेमकी कशी असते, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. निरोगी प्रोस्टेटचा पातळ काप रंगवून पाहिला तर त्यात वेड्यावाकड्या आकाराच्या अनेक लहान ग्रंथिका दिसतात. प्रत्येक ग्रंथिकेच्या आतल्या बाजूस द्रव स्रवणाऱ्या उंच पेशींचा थर असतो, त्याच्या खाली चपट्या आधारपेशींचा दुसरा थर असतो आणि या दोहोंच्या बाहेरून एक अतिशय पातळ पडदा फिरलेला असतो, ज्याला आधारपटल म्हणतात. हे आधारपटल मुख्यतः चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचे आणि लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचे विणलेले असते. कोलॅजेन म्हणजे शरीराला बांधून ठेवणारे तंतुमय प्रथिन. त्वचा, अस्थी, स्नायुबंध या सर्वांचा आधार तेच असते. आधारपटलाच्या पलीकडे पेशींच्या दरम्यानचे जे तंतूंचे जाळे पसरलेले असते, त्यास पेशीबाह्य आधारजाल असे म्हणता येईल, आणि त्या जाळ्यातच रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या असतात. ग्रंथिकेतील पेशी कितीही बेढब झाल्या, तरी जोवर त्या आधारपटलाच्या आत आहेत तोवर निदान करणारा विकृतिशास्त्रज्ञ त्यांना पसरणारा कर्करोग म्हणत नाही. आधारपेशींचा थर नाहीसा झालेला आणि पेशी आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या दिसल्या, की मग तो तसे म्हणतो. पुढेही प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा फार सावकाश वाढतो, इतका की अन्य कारणाने निधन पावलेल्या अनेक वृद्धांच्या शवविच्छेदनात तो आढळला, पण हयातीत त्याने कधी त्रास दिला नव्हता. रोगाचे अस्तित्व आणि रोगाचे मारकपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बव्हंशी सीमा ओलांडण्याशी निगडित आहे.

सीमा ओलांडण्यासाठी कर्कपेशीला वाटेतील तंतू कापावे लागतात आणि ते काम प्रथिनभेदी विकरे करतात. लान्स लिओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये, ज्या अर्बुदांची, म्हणजे कर्करोगाच्या गाठींची, पसरण्याची क्षमता अधिक होती त्यांची आधारपटलातील कोलॅजेन विरघळवण्याची क्षमताही अधिक होती, असे प्रयोगाने दाखवले, आणि तेव्हापासून या विकरांकडे प्रसाराची साधने म्हणून पाहिले जाऊ लागले. त्यांतील सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला गट म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, संक्षेपाने एमएमपी. मानवी शरीरात या गटाची २३ विकरे आहेत आणि प्रत्येकाच्या कार्यकेंद्रात जस्ताचा एक अणू बसलेला असतो, ज्याच्या साहाय्याने प्रथिनाचा बंध तोडला जातो. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरे आधारपटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजेन कापू शकतात. एमएमपी-१४ हे पेशीच्या पृष्ठभागावरच रोवलेले असते आणि एमएमपी-२ ला जागे करते. यांच्या जोडीला युरोकायनेज नावाचे विकर असते, ते प्लाझ्मिनोजेनचे रूपांतर प्लाझ्मिनमध्ये करते आणि प्लाझ्मिन पुढे अन्य तंतू कापते व काही एमएमपींनाही कार्यरत करते. प्रोस्टेटच्या कर्करोगात हेप्सिन हे पेशीपटलावरील विकरही पुष्कळदा वाढलेले आढळते.

या विकरांच्या बाबतीत तत्त्वचिंतकाने सर्वाधिक काळ थांबून पाहावे अशी गोष्ट त्यांची धार नव्हे, तर त्या धारेवर शरीराने ठेवलेले बंधन होय. एमएमपी पेशीत तयार होते ते निद्रिस्त रूपात. त्याच्याच साखळीतील एक तुकडा कार्यकेंद्रावर झाकणासारखा बसलेला असतो आणि त्या तुकड्यातील सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक जस्ताला धरून ठेवतो. ही पकड सुटल्याशिवाय विकर कोणतेही प्रथिन कापू शकत नाही. हॅरल्ड व्हॅन वार्ट आणि हेनिंग बिर्केडाल-हॅन्सन यांनी १९९० मध्ये ही यंत्रणा ‘सिस्टीन स्विच’ या नावाने मांडली. पकड सुटून विकर जागे झाल्यावरही त्याला मोकळे रान मिळत नाही, कारण ऊतींत टिंप नावाची चार निरोधक प्रथिने असतात, जी जाग्या विकराला मिठी मारून थांबवतात. पाटोद्याच्या शेतकऱ्याला हे समजण्यास अवघड जाऊ नये: दारे धरताना तो खोऱ्याने बांध फोडतो, पण वाफा भिजला की त्याच खोऱ्याने तो बुजवतो, आणि फोडण्याइतकेच वेळेवर बुजवणे हेही त्या कामात मोडते. कर्करोगात नवे शस्त्र घडत नाही. बुजवण्याची क्रिया मागे पडते आणि फोडण्याची चालू राहते.

सीमेबाहेर पडलेल्या प्रोस्टेटच्या कर्कपेशी पुष्कळदा अस्थींमध्ये, विशेषतः पाठीचे मणके, कंबरेची हाडे आणि बरगड्या यांत जाऊन वसतात. तेथेही त्या एकट्या काही साधू शकत नाहीत. अस्थी ही सतत झिजणारी आणि सतत बांधली जाणारी ऊती आहे. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशी आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी यांचा व्यवहार तेथे आयुष्यभर चालतो. कर्कपेशी या व्यवहारात शिरून त्याचा तोल बिघडवतात, आणि अस्थी विरघळवणाऱ्या पेशींची कॅथेप्सिन-के, एमएमपी-७ यांसारखी विकरे त्या बिघाडात भाग घेतात. याचा परिणाम म्हणून दीर्घकाळ टिकणारी, रात्री विश्रांतीतही न थांबणारी पाठदुखी सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतून दरवर्षी हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखरपट्ट्यात जातात. ज्याने आयुष्यातील अनेक हंगाम उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिल्या, त्याची उतारवयातील कंबरदुखी कष्टांच्या खाती जमा होणे अगदी स्वाभाविक असते. लघवीची तक्रार वयावर आणि पाठीची तक्रार कामावर ढकलली जाते, शिवाय हा अवयवच असा की त्याविषयी घरात बोलण्याचा संकोच वाटतो; म्हणून रोग ओळखला जातो तेव्हा तो पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि मग प्रारब्धाची भाषा सुरू होते. ज्याला वेळेवर दवाखाना लाभला नाही, त्याला दैवाचा सिद्धान्त मात्र न मागता लाभतो.

आता त्या विकरांची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण निबंधाचा मुख्य मुद्दा तिच्यावर अवलंबून आहे. या गटातील पहिले विकर कर्करोगात सापडलेले नाही. जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाची शेपूट नाहीशी कशी होते याचा अभ्यास केला. शेपटीच्या त्वचेचे बारीक तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या धूसर थरावर ठेवले, आणि काही काळाने प्रत्येक तुकड्याभोवतीचा थर विरघळून पारदर्शक झालेला दिसला. पाण्यात राहणाऱ्या जिवाला जमिनीवर येण्यासाठी ज्या विकराने जुने अंग गिळून टाकले, त्याच कुळातील विकरे पुढे मानवातही सापडली. ती नसती तर जखम भरताना नव्या पेशींना आत सरकता आले नसते, गर्भाला गर्भाशयाच्या अस्तरात रुजता आले नसते, वाढत्या मुलाचे हाड लांब झाले नसते आणि बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत आकसले नसते. ज्या विकराने रुग्णाचा कर्करोग मणक्यापर्यंत पोचवला, त्याच जातीच्या विकरांनी त्याला आईच्या पोटात रुजवले होते आणि कोयत्याने झालेल्या त्याच्या कित्येक जखमा भरून काढल्या होत्या.

याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट अशी की ही विकरे केवळ कर्कपेशीच तयार करतात असे नाही. पुष्कळदा ती शेजारच्या निरोगी पेशी, म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशी आणि रक्तातून आलेल्या संरक्षक पेशी, कर्कपेशींच्या संकेतावरून तयार करतात. एकंदरीत अपाय घडतो तो कोणा एका दुष्ट घटकामुळे नव्हे, तर अनेक चांगल्या घटकांमधील संबंध बिघडल्यामुळे. म्हणूनच या विकरांना सरसकट दाबून टाकण्याचा प्रयत्न फसला. १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅट, प्रिनोमास्टॅट, टॅनोमास्टॅट अशी एमएमपी-निरोधक औषधे मोठ्या आशेने तयार करण्यात आली आणि हजारो रुग्णांवर त्यांच्या चाचण्या झाल्या. त्यांत प्रोस्टेटच्या प्रगत कर्करोगाचे रुग्णही होते. अनेक रुग्णांचे सांधे दुखू लागले व आखडले, अपेक्षित लाभ दिसला नाही, आणि टॅनोमास्टॅटची फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगातील चाचणी तर औषध घेणाऱ्यांची स्थिती अधिक बिघडल्यामुळे १९९९ मध्ये थांबवावी लागली. पुढे २००३ मध्ये स्पेनमधील कार्लोस लोपेझ-ओतीन यांच्या प्रयोगशाळेने, एमएमपी-८ हे विकर नसलेल्या नर उंदरांत त्वचेची अर्बुदे अधिक होतात, असे दाखवले. ज्याला शत्रू समजून मारायला निघावे त्यांतील काही पहारेकरीच निघावेत, हा या इतिहासाचा बोध आहे.

येथून धर्मविचाराकडे वळल्यास पहिला निष्कर्ष असा निघतो की अपाय हे काही स्वतंत्र द्रव्य नाही. रोग म्हणजे शरीरात बाहेरून शिरलेली बाधा, किंवा पापाचे पिकून वर आलेले विष, या दोन्ही कल्पना अपायाला एक वेगळी वस्तू मानतात. सांख्य दर्शनाची मांडणी याहून सूक्ष्म आहे. तिच्यानुसार सत्त्व, रज आणि तम हे तिन्ही गुण सर्व पदार्थांत असतात, त्यांतील कोणताही एक समूळ उपटून टाकता येत नाही, आणि भेद पडतो तो त्यांच्या प्रमाणाने. आयुर्वेदानेही वात, पित्त आणि कफ यांना समतेत असताना शरीराचे धारक आणि विषमतेत असताना दोष मानले आहे. आधुनिक पेशीविज्ञान आणि ही दर्शने एकच गोष्ट सांगतात, असा दावा करण्याचे कारण नाही, कारण दोहोंच्या पद्धती आणि पुरावे सर्वस्वी भिन्न आहेत. तथापि मर्यादेत असलेली शक्ती धारण करते आणि मर्यादा सुटलेली तीच शक्ती मारते, हा विचार मराठी श्रोत्याला परका वाटण्याचे कारण नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

कर्मसिद्धान्ताचा अभिमानी यावर असा आक्षेप घेईल की विकर हे केवळ साधन आहे. ते या माणसात बेबंद झाले आणि शेजारच्या माणसात झाले नाही, याचे कारण कर्मच होय. आक्षेप वजनदार आहे आणि महाभारताने तो स्वतःच मांडला आहे. अनुशासनपर्वाच्या आरंभी, युद्धातील संहाराला आपणच कारण झालो या जाणिवेने होरपळणाऱ्या युधिष्ठिराला भीष्म एक कथा सांगतात. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने मरतो, एक व्याध त्या सर्पाला बांधून आणतो आणि त्याला मारण्याची परवानगी मागतो. सर्प म्हणतो की तो मृत्यूचा केवळ हस्तक आहे, मृत्यू काळाकडे बोट दाखवतो आणि काळ शेवटी मुलाच्या कर्माकडे. कारणांची साखळी अशी कर्मापर्यंत पोचते खरी, पण कथेतील दोन गोष्टी नजरेआड होता कामा नयेत. एक तर ही साखळी उलगडण्यापूर्वीच गौतमीने सर्पाला मारण्यास नकार दिलेला असतो, कारण त्याच्या मरणाने मुलगा परत येणार नसतो. दुसरे असे की कर्माचा निर्णय ऐकल्यावर ती कोणाला दोषी ठरवत नाही. तो निर्णय ती स्वतःलाही लावते आणि सर्पाला सोडून द्यायला सांगते. ज्या कथेत कर्मसिद्धान्त इतक्या स्पष्टपणे सांगितला आहे, ती कथाच एका दुःखी माणसाच्या मनावरील अपराधाचे ओझे उतरवण्यासाठी सांगितलेली आहे. त्याच सिद्धान्ताचा उपयोग करून अंथरुणाला खिळलेल्या माणसावर नवे ओझे टाकणे, हा त्याचा विपर्यास होय.

आयुर्वेदाचा निर्वाळाही याच बाजूचा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य हे दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे, आणि सर्वांचे आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधोपचारांना काही अर्थच उरला नसता, असा युक्तिवाद केला आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाकाची चर्चा आत्मस्वातंत्र्याच्या चर्चेशी एकाच प्रकरणात जोडली, यामागेही हीच दृष्टी आहे. कर्मसिद्धान्त हा करणाऱ्याने स्वतःपुरता वापरायचा विचार आहे; तो पुढे काय करावे हे ठरवण्यास बळ देतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून त्याच्या भूतकाळाचा निकाल देण्याचे साधन म्हणून तो वापरला, की त्यातील स्वातंत्र्य नाहीसे होऊन केवळ शिक्षा उरते.

विज्ञानाच्या नावाखालीही असाच निवाडा दिला जातो, तोही तितकाच नाकारला पाहिजे. पूर्वजन्म मानत नाहीत ते कधी कधी रुग्णाच्या खाण्यापिण्यात, सवयींत किंवा स्वभावात अपराध शोधतात. काही कर्करोगांच्या बाबतीत सवयींचा वाटा सिद्ध झालेला आहे, आणि मुखाच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध महाराष्ट्राला कटू अनुभवाने माहीत आहे. परंतु प्रोस्टेटच्या कर्करोगाची खात्रीने ठाऊक असलेली प्रमुख कारणे म्हणजे वाढते वय, कुटुंबातील पूर्वेतिहास, वंश आणि बीआरसीए-२ सारख्या जनुकांतील जन्मजात बदल ही होत, आणि यांतील एकही माणसाच्या निवडीचे नाही. त्याचबरोबर, निसर्गातून नीती काढण्याचा मोहही टाळला पाहिजे. विकराला इच्छा नसते, म्हणून ते पुण्यवानही नसते आणि पापीही नसते. कर्कपेशीची मर्यादाभंग करणाऱ्या माणसाशी तुलना शब्दशः घेतली तर पुन्हा रुग्णाच्या देहात अधर्म शोधण्याची वाट मोकळी होते. विकरांच्या ज्ञानाने नीतीचा नवा नियम सिद्ध होत नाही. त्याने एवढेच सिद्ध होते की शरीर हे न्यायालय नाही आणि रोग हे तेथील निकालपत्र नाही.

तरीही रोगाशी कसे वागावे, याविषयी या परंपरेकडे सांगण्यासारखे काही आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात ज्ञानदेवांनी दुष्टांच्या नाशाची मागणी केली नाही. त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा गळून पडावा, त्यांची सत्कर्मात रुची वाढावी आणि भूतमात्रांत मैत्री नांदावी, असे मागितले आहे. ही प्रार्थना माणसांविषयी आहे, पेशींविषयी नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येते की शक्ती नष्ट न करता तिची दिशा बदलण्याचा हा विचार वैद्यकाला कडू अनुभवाने पटलेला आहे. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये, पुरुष संप्रेरक, म्हणजे पुरुषत्वाची लक्षणे घडवणारा रक्तातील स्राव, कमी केल्यास प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोगही मागे हटतो, असे दाखवले, आणि या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाढीचा हुकूमच मागे घेणारी ही उपचारपद्धती आजही प्रगत रोगात मुख्य आधार मानली जाते. ती रोग कायमचा घालवत नाही आणि तिची किंमतही मोजावी लागते, कारण तिने बळ आणि कामेच्छा घटते, हाडे ठिसूळ होतात. ज्या समाजात पुरुषाचे मोल त्याच्या अंगमेहनतीवर ठरते, तेथे ही किंमत मोजणाऱ्याला आपण कुचकामी झालो असे वाटू न देणे, हेही उपचाराचेच अंग मानले पाहिजे.

यातून पाटोद्यासारख्या तालुक्यासाठी काही ठोस कर्तव्ये निघतात. सप्ताहात किंवा पुण्यतिथीच्या उत्सवात कीर्तनकाराच्या शब्दाला जो मान असतो तो आरोग्याविषयीच्या कोणत्याही फलकाला नसतो, म्हणून रोग हे पापाचे फळ नव्हे, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले जाणे आवश्यक आहे. लघवीतून रक्त जाणे, लघवी अडणे किंवा उतारवयात सुरू होऊन न थांबणारी कंबरदुखी ही लाजेची किंवा भोगाची गोष्ट नसून वैद्याला दाखवण्याची गोष्ट आहे, आणि अशा बहुतेक तक्रारींमागे कर्करोग नसतोही, हे त्याच जागी सांगता येईल. उपचारांच्या वाटा अगदीच बंद नाहीत: याच जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईत १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. पाटोद्याला लागून असलेल्या भूम तालुक्याचा समावेश बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहे. १९८७ मध्ये सुरू झालेली ही भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय, आणि खेड्यातील माणसाचा आजार मोजण्याच्या योग्यतेचा आहे, हे तिने कृतीने दाखवून दिले आहे.

कर्करोग पसरवणारे विकर हे रुग्णाच्या अपराधाचे चिन्ह नाही. त्याला घडवणाऱ्या, जोडणाऱ्या आणि बरे करणाऱ्या शक्तीचाच तो एक तोल सुटलेला व्यापार आहे. हे एकदा कळले की रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला त्याचा भूतकाळ उकरण्याचे काही कारण उरत नाही. त्याच्यापुढे उरते ते काम गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दिलेल्या आज्ञेतले आहे: पीडा ओळखावी आणि ती हलकी करण्यासाठी हाती असलेले ज्ञान वेळेवर पोचवावे. ज्ञान आणि करुणा यांची अशी सांगड घालणारा धर्मच रुग्णाच्या उशाशी बसण्यास पात्र आहे.